माळावरची ओटी

आमच्या फ्रीजरच्या वरच्या खणात मटार, किसलेलं खोबरं आणि घुबडाची ओकारी असायची. गंमत म्हणून सांगत नाहीये. घुबड उंदीर आणि चिचुंद्र्या अख्ख्याच्या अख्ख्या गिळतं, पचेल ते पचवतं आणि उरलेली हाडं, केस, दात यांची अंगठ्याएवढी काळी गोळी करून तोंडातून बाहेर टाकतं. शेजारच्या गावात एका शेतकऱ्याच्या गोठ्यात गव्हाणी घुबडांची जोडी राहायची. आई सायकलवरून तिथे जाऊन त्या गोळ्या वेचून आणायची, त्यांतल्या किडी मराव्यात म्हणून पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये ठेवायची आणि रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरून एकेक गोळी उकलत बसायची. हत्यारं म्हणजे भुवया कोरायचा चिमटा, दात कोरायची काडी आणि एक गाळणी. त्या गाळणीवरून घरात एकदा रणकंदन झालं, कारण बाबांनी सकाळी त्याच गाळणीनं चहा गाळला, पिऊन संपवला, आणि भांडी विसळताना त्यांना जाळीत एक इवलासा जबडा सापडला. दात सगळे जागच्या जागी होते. आई म्हणाली, "अहो, धुतली होती मी. आणि उकळत्या चहात काय राहतंय डोंबल." बाबा पुढे कितीतरी दिवस नुसती कॉफी पीत होते. 

मी जन्मजात शी-शी करणारी. दुसऱ्याच्या ताटातलं उष्टं, ओला टॉवेल, सायीचा पापुद्रा, बेसिनच्या जाळीत अडकलेले केस, काहीही पुरायचं. आई नेमकी उलटी. ती सांगलीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. बेडूक, झुरळ, गांडूळ चिरून चिरून तिचं नाक आणि मन दोन्ही इतकं निर्ढावलं होतं की तिला कशाचं काही वाटायचं नाही. मी सात वर्षांची असताना बाबांच्या कंपनीनं त्यांना नेदरलँड्सला पाठवलं आणि आईनं नोकरी सोडली. इथे तिच्या रहिवासी कार्डावर तिची ओळख म्हणजे बाबांची बायको. सुरुवातीला डिग्रीची कागदपत्रं घेऊन ती बऱ्याच ठिकाणी फिरली, मग तिनं तो नाद सोडला. भाषेचा वर्ग मात्र सोडला नाही. डच परीक्षा ती आमच्या आधी पास झाली, आणि भाजीवाल्याशी, टपालवाल्याशी, कुणाशीही मुद्दाम थांबून बोलायची, तेव्हा मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहायचे.

तेव्हा आम्ही अ‍ॅमस्टेलव्हीन शहरात राहत होतो. खाली उतरलं की कढीपत्ता मिळायचा, ट्राममध्ये दोन बाकं सोडून मराठी ऐकू यायचं, गणपतीत पाच-सहा घरी आरतीला जावं लागायचं. मग साथ आली आणि ऑफिसं बंद झाली. बाबा बेडरूममध्ये इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप मांडून काम करायला लागले, मी स्वयंपाकघरात ऑनलाइन शाळेला, आई दोघांच्या मधल्या बोळात चपला न वाजवता. घरूनच काम करायचं तर या खुराड्यात कशाला, असं बाबांच्या डोक्यात बसलं आणि आम्ही बाडबिस्तरा उचलून उत्तरेला, ड्रेंथमधल्या एका खेड्यात आलो. घर मोठं, मागे बाग, वर आभाळ, आणि चारी बाजूंना शेण. वसंतात तिथले शेतकरी शेतात पातळ शेण सोडतात. तो वास घरात, उशीत, वाळत घातलेल्या कपड्यांत, पोळीत शिरतो. पहिल्या आठवड्यात मी नाकाला मास्क लावून झोपले होते. बाबा म्हणाले, "अगं, आपल्या सांगलीला काय अत्तराचे कारखाने होते?" पण सांगलीचं शेण मला आठवत नव्हतं, आणि हे माझ्या उशीत होतं.

गावामागे राष्ट्रीय उद्यान सुरू व्हायचं. हेदरच्या बुटक्या झुडपांचा लांबच लांब माळ, श्रावणात जांभळा आणि बाकी वर्षभर करपलेल्या पोळीच्या रंगाचा, मध्ये काळ्या पाण्याची डबकी आणि मेंढरं. तिथे वाटाड्यांबरोबरच्या सहली निघायच्या. त्यांचे दोन प्रकार होते, एक निसर्गाच्या आणि एक संस्कृतीच्या. निसर्ग म्हणजे बेडूक, साप, घुबडं, कोळी. संस्कृती म्हणजे दगडांच्या जुन्या कबरी, मेंढपाळाचं घर, भट्टीतला पाव. हे वाटाडे स्वयंसेवक, पण शिकून तयार झालेले. हिवाळाभर ऑनलाइन वर्ग, मग उन्हाळ्यात जुन्या वाटाड्यांबरोबर फिरायचं, शेवटी एक परीक्षेची सहल आपण स्वतः न्यायची. पास झालं की हिरवं जॅकेट, छातीवर नावाचा बिल्ला आणि छापील कार्यक्रमात आपलं नाव. आईनं त्या वर्गात नाव घातलं, आणि जेवताना आम्हाला सांगितलं, "मला ते जॅकेट पाहिजे." आई कधीच काही मागायची नाही, म्हणून आम्ही दोघं घास हातात धरून तिच्याकडे बघत राहिलो. ती म्हणाली, "सात वर्षं मला कुणी एक प्रश्न विचारला नाहीये. भाजीत काय घातलंय, एवढाच. घुबडाची सहल न्यायचीय मला. लोकांनी ती गोळी उकलायची आणि मला विचारायचं, हे हाड कुणाचं." बाबा म्हणाले, "मग आता फ्रीजर तुझाच." तेव्हापासून तो तिचाच झाला.

दर शनिवारी ती सरावाच्या सहलीला जायची आणि मला ओढून न्यायची, कारण शाळा अर्धी बंद आणि मी घरात बसून कुजतेय असं तिचं मत. मी त्या सहलींबद्दल एक चांगला शब्द लिहू शकत नाही. एकतर गोचिड्या. घरी आल्यावर न्हाणीघरात टॉर्च लावून काखा, गुडघ्यामागे, कानामागे बघायचं, आणि सापडली तर आई ती चिमट्यानं काढून बाटलीत जपून ठेवायची. दुसरं म्हणजे नाकं. इथली मोठमोठी माणसं कापडी रुमालात धो-धो नाक शिंकरतात, रुमाल उघडून आत बघतात आणि घडी घालून खिशात ठेवतात, आणि साथीच्या दिवसांतसुद्धा ठेवत होती. तिसरं, कुत्र्यानं चाटलेला हात न धुता सँडविच खाणं. वाटाड्याच्या हातात दीड मीटरची काठी असायची, कुणी जवळ आलं की ती आडवी धरायची. मला ती काठी मनापासून आवडायची. आईला या कशाचं काही नाही. ती सगळ्यांच्या पुढे, लेंडी दिसली की उकिडवी.

परीक्षा घेणारा म्हणजे हर्मन. भूगोलाचा निवृत्त शिक्षक, दरवाजाएवढा माणूस, सगळ्या वाटाड्यांचा मुख्य. आई त्याला पहिले काही महिने 'हर्मन सर' म्हणायची आणि तो दर वेळी हसून 'नुसतं हर्मन' म्हणायचा. वाईट नव्हता तो. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की होता. तो आईला चुकलेला शब्द हळू आवाजात सांगायचा, तिच्या टिपणांवर 'उत्तम' असं लिहायचा. त्यानं कधी कुणाचं वाईट चिंतलं असेल असं मला आजही वाटत नाही. पण चांगल्या माणसांचीसुद्धा किळस येऊ शकते, ती मला त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा आली.

त्या वसंतात सांगलीला आजोबा गेले. पाच दिवस हॉस्पिटलात होते, कुणाला आत सोडलं नाही. विमानं बंद होती, आई जाऊ शकली नाही. व्हिडिओ कॉलवर आजी दिसायची, पंख्याखाली खुर्चीत, आणि तिचं कपाळ मोकळं. माझी आजी म्हणजे रुपयाएवढं कुंकू; ते नसल्यावर मला आधी ती ओळखूच आली नव्हती. आई म्हणाली, "आई, निदान टिकली लाव गं." आजी म्हणाली, "राहू दे. चार माणसं येतात घरात." आईनं दोन-तीनदा सांगून पाहिलं, मग फोन ठेवून ती बागेत जाऊन तण उपटत बसली. त्या विषयावर ती पुन्हा बोलली नाही. घुबडाची तयारी मात्र वाढली. उंदराचा जबडा आणि चिचुंद्रीचा जबडा यांचे फरक ती पोळ्या लाटता लाटता डचमधून मोठ्यानं म्हणायची.

मग जूनमध्ये तिनं एक गोष्ट केली जी फक्त आपल्याच लोकांना सुचते. तिनं परीक्षकाला जेवायला बोलावलं. बाबा म्हणाले, "अगं, परीक्षा तोंडावर आलीय, तो म्हणेल लाच देतेय." आई म्हणाली, "लाच कसली? वर्षभर शिकवलं त्यानं मला. एकदा घरी नको बोलवायला?" हर्मन आणि त्याची बायको इनेके दुपारी दोनला कॉफीला म्हणून आले, म्हणजे त्यांच्या हिशेबानं एक कप आणि एक बिस्किट. पाव-चीज खाऊन आले होते बिचारे. बागेतल्या टेबलावर श्रीखंड-पुरी, बटाट्याची भाजी, कोथिंबीर वडी, काकडीची कोशिंबीर, मसालेभात आणि वर तूप. कोथिंबिरीसाठी बाबा ग्रोनिंगनपर्यंत गाडी घेऊन गेले होते. दोघांची लस झालेली, आमच्याही घरात झालेली, त्यामुळे अंतर बिंतर सगळे विसरले. आई उभ्यानं वाढत होती आणि "थोडंसंच, थोडंसंच" करत होती. हर्मननं पट्टा सैल केला. मी पाहिलं.

निघताना आईनं इनेकेची ओटी भरली. तिनं ठरवलं नव्हतं. सवाष्ण बाई घरी जेवून चाललीय, तिला रिकाम्या हातानं पाठवायचं कसं, एवढंच. इनेके पँट घालून आली होती, पदर कुठला, म्हणून तिला स्वेटरचं टोक पुढे धरायला सांगितलं. आईनं हळदकुंकू लावलं, ओंजळीनं तांदूळ घातले, त्यावर नारळ, सुपारी आणि एक खण. इनेकेच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. हर्मननं फोटो काढले. इनेकेनं विचारलं, "हे सगळ्या बायकांना देतात?" आई म्हणाली, "लग्न झालेल्या. म्हणजे नवरा असलेल्या." "आणि ज्यांचा नवरा गेलाय त्यांना?" आईनं 'नाही' म्हटलं आणि ती डबे भरून द्यायला आत गेली. आजोबांना जाऊन दोन महिनेही झाले नव्हते. मी दारात उभी होते. माझ्या तोंडात श्रीखंडाचा घास होता, तो मी बेसिनमध्ये जाऊन थुंकला.

जुलैत छापील कार्यक्रम आला. आईनं चष्मा लावून निसर्गाचं पान वरपासून खालपर्यंत वाचलं, उलटून पुन्हा वाचलं. घुबडांची सहल होती, नाव दुसऱ्याच कुणाचं होतं. मग मीच संस्कृतीच्या पानावर तिचं नाव दाखवलं. 'जांभळ्या माळावर भारत: मसाल्याचा चहा, साडी आणि आशीर्वादाचा ओटी-विधी.' शेजारी तिचाच फोटो, बागेतला, ओंजळीत तांदूळ. तिनं फोन लावला. हर्मन खुशीत होता. "घुबडं दाखवणारे माझ्याकडे चारजण आहेत, वंदना. हे मात्र संपूर्ण उत्तरेत फक्त तू करू शकतेस. सगळ्या जागा भरल्यासुद्धा. हीच तुझी परीक्षेची सहल." आई म्हणाली, "पण मी वर्षभर घुबडांचा अभ्यास केलाय." तो म्हणाला, "ज्ञान कधी वाया जात नाही." शिक्षकी माणूस, त्याच्याकडे अशी वाक्यं तयारच असायची.

रात्री जेवताना वाद झाला. बाबांचं म्हणणं, आधी जॅकेट पदरात पाडून घे, मग दाखव काय दाखवायचं ते. मी डचमधून ओरडले की तुला ते सर्कशीत उभं करतायत, मला ओकारी येतेय. आई म्हणाली, "तुला सारखीच येते." मग वरणात चमचा फिरवत म्हणाली, "परीक्षा आहे. प्रश्नपत्रिका आपण निवडत नाही. एकदा आत शिरले की घुबडंही माझीच आहेत." तिला जॅकेट हवं होतं आणि ते मिळवायचा तिला दुसरा रस्ता दिसत नव्हता, हे मला कळत होतं. तरी मला तिचा राग आला, बाबांचा आला, श्रीखंडाचा तर फारच आला.

सहलीच्या दिवशी माळ जांभळा फुलला होता आणि आभाळ गच्च होतं. आई हिरव्या इरकलीत, पायात डोंगरी बूट, वर रेनकोट. हर्मननं रेनकोट काढायला सांगितला, फोटोत साडी दिसायला हवी. लोक जमले, बहुतेक निवृत्त जोडपी, एक तरुण जोडपं कुत्र्यासकट, आणि करड्या अंगरख्यातली एक एकटी म्हातारी. आईनं थर्मासमधला चहा कागदी कपांत ओतून ठेवला आणि मागे सरकली, एकेकानं येऊन उचलला. साखर फार आहे, असं तिघांनी सांगितलं. वाटेत आईनं एका खांबाखाली पडलेली गोळी पाहिली आणि तिचा चेहरा उजळला. ती दोन वाक्यं बोलली असेल, तेवढ्यात हर्मन मागून म्हणाला, "वंदना, साडीचं सांग ना, किती मीटर असते?" तिनं साडीचं सांगितलं. गोळी तिथेच राहिली. फक्त ती एकटी म्हातारी वाकून तिच्याकडे बघत होती.

बर्चच्या झाडांपाशी लाकडी टेबल होतं, तिथे ओटी. नियमांप्रमाणे आईच्या हातात पातळ निळे मोजे, टेबलावर जेलची बाटली. ओंजळीनं देता येणार नाही म्हणून हर्मननं लांब दांड्याचा लाकडी डाव आणला होता, त्यानं तांदूळ द्यायचे. माणशी नारळ कुठून आणायचे म्हणून त्याच्या बागेतले अक्रोड. पितळी ताटात शोभेला एकच खरा नारळ आणि एक खण. कुंकवासाठी कान कोरायच्या कापसाच्या काड्या, ज्याची त्यानं लावून घ्यायची. हर्मननं मोठ्यानं समजावून सांगितलं, "भारतात हा आशीर्वाद फक्त त्या बायकांना मिळतो ज्यांचा नवरा जिवंत आहे. पण आज आपण सगळेच नशीबवान." सगळे हसले आणि रांग लागली.

त्या रांगेचं वर्णन करायला मला अजून जड जातं. एका आजोबांनी टोपी उलटी करून पुढे धरली. दुसऱ्यानं विचारलं, तांदूळ बासमती आहे का, मग रात्री शिजवतो. एकानं जॅकेटचं टोक धरून बायकांसारखा लचकून नमस्कार केला आणि त्याच्या बायकोनं त्याचा व्हिडिओ घेतला. अक्रोड घरंगळून हेदरमध्ये पडत होते. तरुण पोरीनं उरलेलं कुंकू कुत्र्याच्या कपाळाला लावलं, आणि कुत्र्यानं सांडलेले तांदूळ, ओल्या मातीसकट, लपालपा चाटून खाल्ले, मग थोडे ओकले. आई डावानं तांदूळ देत होती आणि हसत होती. ते हसू मी हेमेन्तेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, खिडकीपाशी पाहिलं होतं, डिग्रीचे कागद नकारासकट परत मिळाल्यावरचं. मला किळस आली, आणि या वेळी ती कुत्र्याची नव्हती. जेलचा वास, हळदीचा वास आणि ओल्या कुत्र्याचा वास एकत्र झाले होते.

शेवटी ती एकटी म्हातारी उरली. ती रांगेत आलीच नव्हती, झाडाला टेकून उभी होती. हर्मननं तिला हातानं खूण केली. ती म्हणाली, "नको. मला चालणार नाही ना. माझा नवरा एप्रिलमध्ये गेला." एवढं साधं सांगितलं तिनं, दुकानात सुट्टे नाहीत म्हणून सांगावं तसं. त्या सगळ्या लोकांत ओटीचा अर्थ एकटीनं खरा मानला होता, आणि म्हणून ती बाजूला झाली होती. हर्मन गडबडला. "छे छे, आज सगळ्यांना आहे, या ना." ती म्हणाली, "पण मग हा तो विधी राहत नाही." आणि तिनं आईकडे पाहिलं. "हो ना?" वर्षभर आई ज्याची वाट बघत होती तो प्रश्न तिला अखेर कुणीतरी विचारला, आणि तो हा होता.

 आईनं डाव ताटाशेजारी ठेवला. निळे मोजे काढले, उलटे झाले ते तसेच टेबलावर टाकले. ताट उचललं आणि ती त्या बाईच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली, जेवणाच्या टेबलावर आपण एकमेकांशी बोलतो इतक्या अंतरावर. हर्मन म्हणाला, "वंदना, अंतर." आईनं बोटानं हळद लावली, बोटानं कुंकू लावलं, कपाळाच्या मधोमध, चांगलं ठसठशीत. मग अंगरख्याचं टोक स्वतः तिच्या हातात दिलं, ताटातला खण आणि खरा नारळ आत ठेवला आणि ओंजळीओंजळीनं तांदूळ घातले, ताटातले संपेपर्यंत. तांदूळ घालताना तिचे हात त्या बाईच्या हातांना लागत होते. मी घाबरले. माझे आजोबा त्याच रोगानं गेले होते, शाळेत रोज तेच शिकवत होते, आणि माझी आई एका सत्तरीच्या बाईच्या तोंडावर हात फिरवत होती. पण त्याबरोबर दुसरंही काही झालं. आजीचं मोकळं कपाळ माझ्या डोळ्यांपुढे आलं आणि मला आमच्या रीतीची शिसारी आली, हर्मनच्या डावापेक्षा जास्त. त्यानं निदान सगळ्यांना दिलं होतं. आम्ही मोजून मापून, हिशेबानं, नेमकं ज्या बाईला हात लावायची गरज आहे तिलाच वगळत आलो होतो, आणि त्याला पवित्र म्हणत होतो. आजही कुणी हळदीकुंकवाचं बोलावणं केलं की मी आधी विचारते, सगळ्या येणार आहेत ना. लोकांना मी खवट वाटते. वाटू दे.

ती बाई म्हणाली, "दवाखान्यातल्या नर्सनंतर मला कुणी हात लावला नव्हता." मग परत येईपर्यंत, चांगला तासभर, ती अंगरख्याचं टोक दोन्ही हातांनी धरून चालली. हर्मननं तिला पिशवी देऊ केली, तिनं घेतली नाही. वाहनतळावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिनं वाजवल्या नाहीत, तिचे हात मोकळे नव्हते.

बुधवारी हर्मनचा फोन आला. आई कणीक मळत होती, म्हणून मी स्पीकर लावून दिला. बाबाही खाली आले होते. हर्मन म्हणाला, "वंदना, हे सांगायला मला आवडत नाहीये." कुणीतरी तक्रार केली होती. सगळ्यांसमोर मोजे काढून, वयस्कर बाईच्या चेहऱ्याला हात लावला. समितीचं मत पडलं की ज्याला नियम पाळता येत नाही त्याच्या हाती माणसं सोपवता येत नाहीत. जॅकेट देता येणार नाही. आई म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं. नियम मला माहीत होता." बाबांनी विचारायला सांगितलं म्हणून तिनं विचारलं, "पुढच्या वर्षी?" तो म्हणाला, ते आता सांगता येत नाही. आई कणकेतली बोटं सोडवत म्हणाली, "बरं, हर्मन. कळवल्याबद्दल आभारी आहे." मला वाटलं, संपलं. मी फोन बंद करायला हात पुढे केला.

"अजून एक," हर्मन म्हणाला. त्याचा आवाज पुन्हा नेहमीसारखा मोकळा झाला होता. कार्यक्रम छापून झालेला, हिवाळ्यापर्यंतच्या ओटीच्या सगळ्या जागा भरलेल्या, लोकांना नाही कसं म्हणायचं. तेव्हा इनेके म्हणतेय, ती करेल. तिला सगळं लक्षात आहे, तुझ्याकडूनच तर शिकली. फक्त तुझं ते पितळी ताट काही महिन्यांसाठी मिळालं, आणि काय काय कुठल्या क्रमानं द्यायचं ते तू तिला एकदा सांगितलंस, तर फार उपकार होतील.  मला वाटलं आता आई ओरडेल, निदान रडेल. तिनं नळाखाली हात धुतले, पुसले आणि फोनपाशी आली.

"ओटी लांबून भरत नाहीत, हर्मन," ती म्हणाली.

"पण तू तर सगळ्यांची लांबूनच भरलीस. मी होतो की तिथे."

"मी एकीचीच भरली," आई म्हणाली. "बाकीच्यांना तांदूळ वाटले."